घर विचारा : आयक्लरची घरं, सपाट छप्पर आणि आतलं अंगण

मागच्या अंकात कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या एका घराचा फोटो होता आणि खाली फक्त 'आयक्लर, सनीवेल' एवढंच छापलं होतं, त्यावरून इतकी पत्रं आलीत की ह्या वेळी गळक्या गच्च्या आणि मॉड्युलर किचन सगळं बाजूला ठेवून ह्या एकाच बिल्डरवर, आयक्लरवर, बोलूया. जास्त पत्रं अर्थातच बे एरियातून (म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या गावांतून) आलीत, पण पुण्याहून आलेलं एक पत्र सगळ्यात मस्त आहे, ते पुढे येईलच. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, आम्ही सनीवेलला १९६० सालचं आयक्लर घेतलं. नवऱ्याला जाम आवडलं, मला पण आवडतं, पण जो येतो तो म्हणतो एवढे पैसे मोजून हे काय घेतलंत. पुढून नुसतं गॅरेज आणि लाकडी भिंत. सासूबाई तर म्हणाल्या, "ह्या घराला तोंडच नाही." हा आयक्लर नक्की कोण होता आणि लोक त्याच्यासाठी एवढे वेडे का?

उत्तर : सासूबाईंनी अगदी नेमकं पकडलंय हो, त्या घराला रस्त्याकडे तोंड नाहीच आहे, ते मुद्दाम मागे फिरवलंय! त्यांना सोफ्यावर मागच्या काचेसमोर बसवा, हातात चहा द्या आणि मग विचारा.

जोसेफ आयक्लर आर्किटेक्ट नव्हता, हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण निम्मे लोक तसंच समजतात. माणूस मूळचा न्यूयॉर्कचा, जन्म १९००, सॅन फ्रान्सिस्कोला बायकोच्या माहेरच्या धंद्यात होता आणि धंदा कसला तर लोणी आणि अंड्यांचा होलसेल. चाळिशी उलटेपर्यंत घरं बांधण्याशी काही संबंध नाही. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो हिल्सबरोला बॅझेट हाउस नावाच्या घरात भाड्याने राहिला आणि ते घर होतं प्रसिद्ध अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने डिझाइन केलेलं. लाकूड, काच, षटकोनी आखणी, बाहेरची बाग आत आल्यासारखी. लोण्याचा धंदा संपला, भाड्याचं घर सुटलं, पण ते घर काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

पुढचा भाग धंद्याच्या दृष्टीने बघा म्हणजे गंमत कळेल. युद्ध संपलं, सैनिक परत आले, सरकारी हमीवर स्वस्त कर्ज मिळत होतं, सगळ्यांना घरं हवी होती आणि बिल्डर लोक एक नकाशा काढून त्याचेच शंभर ठोकळे उभे करत होते, आर्किटेक्ट कशाला हवा? आयक्लरने ठरवलं की साध्या नोकरदाराच्या घराला पण चांगला आर्किटेक्ट लावायचा. आधी रॉबर्ट अॅन्शेनची फर्म, मग १९५१ च्या सुमाराला लॉस एंजेलिसचे क्विन्सी जोन्स आणि फ्रेडरिक एमन्स, आणि पुढे क्लॉड ओकलंड जो आधी अॅन्शेनकडेच कामाला होता. १९४९-५० मध्ये तुमच्याच सनीवेलमध्ये सुरुवात केली आणि १९७४ मध्ये तो गेला तोपर्यंत कॅलिफोर्नियात अकरा हजारांच्या आसपास घरं झाली होती. पालो आल्टोत सगळ्यात जास्त, अडीच हजारांच्या वर.

आणि वेडे का, तर घराचा सांगाडा दिसतो म्हणून. खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर लाकडी खांब आणि तुळया, तुळयांवर जाड फळ्या, बस्स. तुमच्या हॉलमध्ये जे लाकडी सीलिंग दिसतं ना तेच छप्पर आहे, वर अॅटिक नाही, माळा नाही, फॉल्स सीलिंग नाही, फळ्यांच्या वर थेट आकाश (आणि थोडं डांबर किंवा फोम). वजन खांब-तुळयांवर असल्यामुळे भिंतीला फारसं काम उरत नाही म्हणूनच मागची अख्खी भिंत काचेची करता आली. हे एवढं लक्षात ठेवा कारण खालच्या प्रत्येक उत्तरात मी हेच सांगणार आहे.

प्रश्न : आम्ही गेले काही महिने वीकेंडला ओपन हाउस बघत फिरतोय. एजंट सगळ्याच घरांना मिडसेंच्युरी मॉडर्न (पन्नास-साठच्या दशकातली आधुनिक शैली) म्हणतो पण एकाचं छप्पर सपाट, एकाचं मध्येच त्रिकोणी उंच, एकात मधोमध अंगण, एकात नाही. एकाच बिल्डरची इतकी वेगवेगळी कशी? आणि कुठलं चांगलं? — सॅन होजे

उत्तर : एजंटचं काय, त्याला १९७० च्या आधीचं आणि पडदे काढलेलं काहीही चालतं.

सगळ्यात जुनी, म्हणजे १९४९-५० च्या सुमाराची, लहान आहेत. तीन बेडरूम, बाथरूम एक, छप्पर सपाट नाहीतर अगदी कमी उताराचं. पालो आल्टोचं ग्रीन गेबल्स हे ह्या सुरुवातीच्या काळातलं, त्रेसष्ट घरांचं, १९५० चं. घर छोटं वाटतं पण त्यात बसून बघा, उंच काच आणि बाहेर येणारी तुळई यामुळे नजर कंपाउंडपर्यंत जाते आणि मापात आहे त्यापेक्षा बरंच मोठं वाटतं. तुमचं बजेट ताणलेलं असेल तर ह्यातलंच बघा असं माझं मत, लोक उगाच नाक मुरडतात.

मग जोन्स आणि एमन्स आले, बेडरूमला स्वतंत्र बाथरूम आली, किचनला लागून फॅमिली रूम आली, म्हणजे आई ओट्यापाशी आणि पोरं समोर खेळतायत असा सगळा प्रकार. पालो आल्टोचं ग्रीनमेडो ह्याच दोघांचं, १९५४-५५ चं, तिथे नुसती घरं नाही तर मध्ये पोहण्याचा तलाव आणि कम्युनिटी सेंटर पण आहे. ग्रीन गेबल्स आणि ग्रीनमेडो दोन्ही २००५ मध्ये नॅशनल रजिस्टरवर गेली, म्हणजे ऐतिहासिक वारसा म्हणून अधिकृत नोंद. तेव्हा जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षं जुन्या असलेल्या बिल्डरच्या कॉलनीला वारशाचा दर्जा, आपल्याकडे असं कुणी मागितलं तर लोक हसतील.

१९५७-५८ च्या सुमाराला आलं अॅट्रियम, आणि लोक आयक्लर म्हणतात तेव्हा डोळ्यासमोर हेच येतं. रस्त्यावरून दार उघडायचं तर घरात नाही, उघड्या आकाशाखाली एका चौकोनी अंगणात येतो आपण, चारी बाजूला काचा, तिथून दुसरं दार उघडलं की घर. साठच्या दशकात क्लॉड ओकलंडने ह्या अॅट्रियमचेच निरनिराळे खेळ केले, कुठे ते झाकून रुंद गॅलरी केली, कुठे मधल्या भागावर उंच त्रिकोणी छप्पर टाकलं आणि दोन्ही बाजूला सपाट ठेवलं. तुम्ही जे मध्येच त्रिकोणी उंच म्हणताय ते हेच. ही घरं मोठी, दिसायला जबरदस्त, आणि त्या त्रिकोणाखालच्या उंच काचा पुसायला माणूस मिळत नाही हे पण सांगून ठेवते.

शिवाय प्रयोग. सॅन मटेओ हायलँड्समध्ये १९५६ चं एक्स-१०० नावाचं घर आहे, क्विन्सी जोन्सचं, सांगाडा लाकडाचा नाही स्टीलचा. कॉलनीची जाहिरात म्हणून बांधलं, लोक बघायला रांगा लावून यायचे. त्याच्या आधी १९५५ मध्ये आयक्लरने राफाएल सोरियानो ह्या आर्किटेक्टकडून पालो आल्टोत एक स्टीलचं घर करून घेतलं होतं. स्टीलची घरं पुढे काही चालली नाहीत. आणि मग साठच्या दशकात आयक्लर साहेब सॅन फ्रान्सिस्कोत टॉवर बांधायला गेले, रशियन हिलवरचा समिट नावाचा टॉवर १९६५ चा, तो आजही लांबून दिसतो. शहरातले हे उंच प्रोजेक्ट त्याला महागात पडले आणि कंपनी बुडाली, नंतर लहान प्रमाणात परत घरं बांधत राहिला.

कुठलं चांगलं, ह्याचं उत्तर : ज्यात कमीत कमी 'सुधारणा' झाल्यात ते. छपराच्या आकारापेक्षा हे महत्त्वाचं. फ्लिपरने (घर घेऊन, चकाचक करून लगेच विकणाऱ्याने) ग्रॅनाइट आणि सीलिंगमध्ये बसवलेले रिसेस्ड लाइट घातलेलं घर चकचकीत दिसतं पण त्या लाइटसाठी सीलिंगच्या खाली जिप्समचं खोटं सीलिंग टाकलं असेल तर तुळया गेल्या, उंची गेली, आणि काय लपवलंय ते पण कळत नाही.

प्रश्न : आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेटमध्ये राहतो. इथे उलटं आहे, आमचं घर बाहेरून स्पॅनिश, डावीकडचं ट्यूडर, उजवीकडचं बोटीसारखं गोल कोपऱ्याचं, पण तिघांच्याही घरात गेलं की सेम टू सेम. हे पण आयक्लरसारखंच काही आहे का?

उत्तर : हे बरोब्बर उलटं आहे म्हणूनच प्रश्न छापला. तुमचं घर हेन्री डोल्गरचं असण्याची बरीच शक्यता आहे, नसेल तर त्याच काळातल्या दुसऱ्या कुणाचं, कारण सनसेटमध्ये रूसो बंधू वगैरे बरेच बिल्डर होते. पूर्वी तिथे नुसती वाळू होती. १९२८ मध्ये सनसेट टनेल झाला, ट्राम थेट डाउनटाउनला जायला लागली आणि त्या वाळूवर घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. प्लॉट पंचवीस फुटी, खाली गॅरेज, वर हॉल, डायनिंग, किचन आणि दोन बेडरूम. कामगारांची एक टोळी नुसतं फाउंडेशन करत पुढे जायची, मागून दुसरी फ्रेमिंग करत यायची, तिसरी प्लास्टर, कारखान्यात गाडी पुढे सरकते इथे माणसं सरकायची. गिऱ्हाइकाला आपलं घर वेगळं वाटावं म्हणून फक्त दर्शनी भाग बदलायचा. कौलांची झालर लावली की स्पॅनिश, लाकडाच्या आडव्या-तिरक्या पट्ट्या ठोकल्या की ट्यूडर, कोपरा गोल करून आडव्या रेघा मारल्या की स्ट्रीमलाइन. जुदा स्ट्रीटवर डोल्गरच्या ऑफिसची इमारत अजून उभी आहे, ती पण ह्याच स्ट्रीमलाइन प्रकारातली, २०१३ मध्ये शहराने तिला लँडमार्क केलं. नंतर त्याने डेली सिटीत वेस्टलेक बांधलं आणि टेकडीवरच्या त्या एकसारख्या घरांवरून १९६२ मध्ये टिंगलीचं गाणं सुद्धा आलं.

म्हणजे डोल्गरने मुखवटा बदलला, प्लॅन तोच. आयक्लरने चेहऱ्याकडे लक्षच दिलं नाही आणि प्लॅन बदलत राहिला. तुमच्यासाठी ह्याचा व्यवहारी अर्थ असा की तुमच्या घराची सगळी स्टाइल त्या पुढच्या पंचवीस फुटांत आहे, आतलं किचन बिनधास्त तोडा, पण पुढच्या लाकडी खिडक्या काढून व्हायनलच्या बसवू नका. सनसेटमध्ये निम्म्या घरांनी हेच केलंय आणि रस्त्यावरून चालताना ते दात पडल्यासारखं दिसतं.

प्रश्न : स. न. वि. वि. मी पुण्यात सदाशिव पेठेत वाड्यात वाढलो, वाडा १९९० च्या दशकात पाडला. नुकताच मुलीकडे कुपर्टिनोला तीन महिने राहून आलो. तिच्या घरात मधोमध उघडं अंगण आहे आणि रस्त्याकडे खिडकी नाही. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की हा तर आमचाच चौक. जावई हसतात. ह्या अमेरिकन माणसाने आपला वाडा पाहिला होता का? आणि वास्तुशास्त्राप्रमाणे ब्रह्मस्थान मोकळं हे शुभच ना?

उत्तर : काका, वास्तुशास्त्रातलं मला काही विचारू नका, त्यासाठी ह्या मासिकात दुसरं पान आहे.

पण चौकाबद्दल जावयांनी हसायचं कारण नाही. वाडा पाहिला असल्याचा काही पुरावा नाही, अॅट्रियम मूळचं रोमन घरातलं, आणि आयक्लरच्या आर्किटेक्ट लोकांची नजर जपानी घरांकडे पण बरीच होती. तरी दोन्हीकडे विचार एकच आहे की रस्त्याला पाठ आणि आकाशाला तोंड. वाड्याची रस्त्याकडची भिंत आठवा, खालच्या बाजूला दगड, खिडक्या असल्याच तर वर आणि लहान, आणि उजेड-वारा सगळा चौकातून. विश्रामबागवाड्यासारखी रस्त्याकडे सज्जा काढून मिरवणारी उदाहरणं वेगळी, पण साध्या माणसाचा वाडा असाच आत बघणारा होता.

फरक कुठे आहे तो पण बघा. आपल्या चौकाभोवती ओसरी किंवा पडवी असते, म्हणजे ना आत ना बाहेर अशी एक झाकलेली जागा, पाऊस चालू असला तरी तिथे बसून शेंगा फोडता येतात. आणि चौकाची फरशी जोत्यापेक्षा खाली असते त्यामुळे पाणी साचलं तरी घरात येत नाही, मोरीकडे जातं. आयक्लरमध्ये ओसरी नाही, आत किंवा बाहेर, मध्ये फक्त काच. आणि अॅट्रियमची जमीन घरातल्या जमिनीच्या जवळपास बरोबरीला. आता हे मुलीला नक्की वाचून दाखवा : अॅट्रियमच्या फरशीत एक जाळी असेल, त्याखाली ड्रेन आहे, तो पाइप घराच्या स्लॅबखालून बाहेर जातो. वाळलेली पानं जाळीवर बसली आणि एका रात्री जोराचा पाऊस झाला की पाणी थेट हॉलमध्ये. नोव्हेंबर लागायच्या आत जाळी काढून हात घालून साफ करायची आणि बादलीभर पाणी ओतून बघायचं किती वेगाने जातंय. तुळशीची कुंडी हौसेने त्या जाळीवरच ठेवलेली मी पाहिलीये, ती बाजूला सरकवा.

कुपर्टिनोचं घर फेअरग्रोव्हमधलं असेल तर ते १९६०-६१ चं, तिथे सव्वादोनशेच्या आतबाहेर आयक्लर घरं आहेत.

प्रश्न : पालो आल्टोच्या आयक्लरमध्ये भाड्याने राहत होतो, आता तेच घर विकत घेतोय. दोन प्रॉब्लेम. एक, फोडणी दिली की वास बेडरूमपर्यंत आणि मिरचीने सगळे खोकतात. दोन, हिवाळ्यात आईबाबा पुण्याहून येतात त्यांना घर गार लागतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सीलिंग खाली घेऊ, इन्सुलेशन भरू, डक्ट फिरवू, चिमणीचं पण त्यातच होईल.

उत्तर : कॉन्ट्रॅक्टरला आधी थांबवा, चहा देऊन परत पाठवा.

फोडणीचं सोपं आहे आणि खरं तर आयक्लरमध्ये ते दुसऱ्या घरापेक्षा सोपं आहे, कारण वर माळा नाही. ओट्याच्या वर फळ्या, फळ्यांवर छप्पर, म्हणजे डक्ट सरळ वर काढला की दोन-तीन फुटांत बाहेर, एकही वळण नाही. वळण नाही म्हणजे तेल साचत नाही आणि पंख्याला जोर लागत नाही. भोक दोन तुळयांच्या मधल्या फळ्यांमध्ये पाडायचं, तुळईला हात लावायचा नाही, खाच सुद्धा नाही. आणि छपरावरचं काम छपरवाल्यानेच बंद करायचं, चिमणी बसवणाऱ्याने नाही, नाहीतर पहिल्याच पावसात ओट्यावर पाणी. एक मात्र आहे, मूळ सीलिंगचं लाकूड कधी रंगवलेलं नसेल तर त्यावर तेलाचा थर बसलेला असणार, तो घासून काढायला जाऊ नका, लाकडाचा रंग उडतो.

आता गारठा. आयक्लरच्या घरात हीटर दिसत नाही कारण तो जमिनीत आहे, स्लॅबमध्ये पाइप पुरलेत आणि त्यातून गरम पाणी फिरतं. चालू असेल तर ह्यासारखं सुख नाही, पायाखालून ऊब, हवा कोरडी होत नाही, आवाज नाही. पण स्लॅब तापायला वेळ लागतो त्यामुळे संध्याकाळी थंडी वाजली की लावला आणि रात्री बंद केला असं करून चालत नाही, कमी तापमानावर सतत ठेवायचा. आणि वर जाड गालिचा घातला तर ऊब गालिच्याखालीच. भाडेकरू म्हणून तुम्ही तो बंदच ठेवला होता का? बरेच जण ठेवतात.

घर घ्यायच्या आधी पाइप कुठल्या धातूचे ते बघा. तांब्याचे असतील तर चांगलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कोरियन युद्धामुळे तांब्याची टंचाई होती तेव्हा काही घरांत स्टीलचे घातले गेले, ते आतून गंजतात. बॉयलरचं प्रेशर सारखं उतरत असेल तर कुठेतरी गळतंय. गळती शोधणारे लोक असतात, ते स्लॅबवर नेमकी जागा दाखवतात आणि तेवढंच फोडून दुरुस्त होतं, अख्खा स्लॅब उकरावा लागत नाही. जमिनीवर जुन्या नऊ इंची टाइल्स दिसल्या तर फोडायच्या आधी अॅस्बेस्टॉसची टेस्ट, ह्यात कंजुषी नको.

इन्सुलेशन आतून भरायचंच नाही, वरून घालायचं. जुनं डांबर आणि खडीचं छप्पर बदलायची वेळ आली की त्या जागी फवारून फुगणारा फोम किंवा कडक फोमचे बोर्ड टाकून वर मेम्ब्रेन. पावसाचं पण काम होतं, थंडीचं पण होतं आणि आतली तुळई जशी आहे तशी दिसत राहते. पुढची पायरी म्हणजे काचा. मूळ काच एकेरी आहे आणि टफन्ड नाही, घरात लहान मूल असेल तर हे मी गारठ्याच्या सुद्धा आधी करेन, धावत येऊन मूल आपटलं तर त्या काचेचे लांब धारदार तुकडे होतात.

आणि लाकडी भिंती! आतली ती लालसर लाकडाची पॅनेल फिलिपिनो महोगनीची आहेत, अंधार वाटतो म्हणून पांढरा रंग मारायचा विचार असेल तर निदान एक भिंत तशीच ठेवा. रंग मारायला एक दिवस लागतो, काढायला कुणाला जमत नाही.

प्रश्न : मित्राने सांगितलं की त्या काळात गोऱ्यांशिवाय कुणाला घरं विकायचेच नाहीत पण आयक्लर विकायचा. खरं का?

उत्तर : खरं. त्या काळात कित्येक कॉलन्यांच्या दस्तऐवजातच लिहिलेलं असायचं की अमुक वंशाच्या लोकांना विकायचं नाही, १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टं अशा अटींची अंमलबजावणी करणार नाहीत, तरी बिल्डर आणि एजंट तोंडी तेच चालवायचे. आयक्लर पैसे असलेल्या कुणालाही विकायचा. १९५८ मध्ये बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली नाही म्हणून त्याने संघटना सोडली. शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब आलं म्हणून कुरकुर करणाऱ्यांना तो म्हणायचा तुमचं घर मी परत विकत घेतो, असं सांगतात.

पहिला मराठी मालक कोण वगैरे शोधत बसू नका, तेव्हा आपण होतोच किती तिथे. १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त शंभर जणांना कायमचं यायची मुभा होती, ते १९६५ नंतर बदललं, आणि तोपर्यंत त्याची बहुतेक घरं बांधून झाली होती.

प्रश्न : दोन मुलं, आईवडील, वर्क फ्रॉम होम. जागा पुरत नाही. आयक्लरवर दुसरा मजला चढवायचा म्हटलं तर शेजारी सह्या गोळा करायला लागले. आमचं घर, आमचे पैसे, ह्यांना काय करायचंय?

उत्तर : चिडू नका, आधी तुमच्या मागच्या अंगणात उभे राहा आणि शेजाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. त्याची बेडरूम, हॉल सगळं मागच्या बाजूला काचेचं आहे. पाच-सहा फुटांचं कुंपण आहे तोपर्यंत त्याला पडदे लागत नाहीत. तुमची वरच्या मजल्याची एक खिडकी आली की त्याचं घर म्हणजे दुकानाची शोकेस.

म्हणूनच नियम आहेत. पालो आल्टोच्या काही भागांत रहिवाशांनी मागणी करून फक्त एकमजली घरांचा नियम लावून घेतलाय. सनीवेलने २००९ मध्ये आयक्लरसाठी वेगळी डिझाइन गाइडलाइन काढली, पालो आल्टोने २०१८ मध्ये, कुपर्टिनोच्या फेअरग्रोव्हला तर स्वतंत्र झोनिंग आहे. तुमच्या पत्त्याला काय लागू आहे ते शहराच्या प्लॅनिंग काउंटरवर जाऊन विचारा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

आणि नियम सोडा, तुमचा सांगाडाच दुसरा मजला झेलायला बांधलेला नाहीये. ते खांब हलक्या छपरासाठी आहेत. वर चढवायचं म्हणजे खाली नवीन फाउंडेशन, नवीन खांब, भूकंपासाठी नव्या भरीव भिंती, आणि त्या भिंती कुठे येणार तर आज काच आहे तिथे. मग उरलं काय आयक्लरचं. त्यापेक्षा बाजूला किंवा मागे त्याच उंचीची एक खोली काढा, तुळया त्याच रेषेत पुढे न्या, बाहेरची खोबणीची साइडिंग (भिंतीवरच्या लाकडी फळ्या) त्याच पॅटर्नची लावा, ती आजही नव्याने कापून मिळते. अंगणात आईवडिलांसाठी वेगळं लहान युनिट बसत असेल तर तोही पर्याय चांगला, त्यांनाही त्यांचा टीव्ही त्यांच्या आवाजात लावता येईल. आणि हे सगळं करूनही पुरत नसेल तर स्पष्टच सांगते, दुसरं घर घ्या. हे घर घ्यायला दुसरे लोक रांगेत उभे आहेत.

प्रश्न : आमच्या माउंटन व्ह्यूच्या घराला सगळे आयक्लर म्हणतात, विकणाऱ्याने पण तसंच लिहिलं होतं. पण कागदपत्रात कुठेच नाव नाही. कसं ओळखायचं?

उत्तर : बऱ्यापैकी शक्यता आहे की ते आयक्लर नाही! वाईट वाटून घेऊ नका, स्टीव्ह जॉब्जला पण तेच वाटायचं. आपण आयक्लरच्या घरात लहानाचे मोठे झालो आणि तिथूनच साधं-सुंदर वस्तूंचं वेड लागलं असं तो सांगायचा, पण त्याचं माउंटन व्ह्यूचं ते घर बांधलेलं होतं जॉन मॅके नावाच्या दुसऱ्या बिल्डरने. आणि मॅकेने डिझाइन घेतलं होतं त्याच अॅन्शेनच्या फर्मकडून, त्यामुळे फसायला होतंच. तसे बरेच होते, सॅक्रामेंटोकडे स्ट्रेंग बंधू, पोर्टलंडला रमर. इथे अशा घरांना लाइक्लर म्हणतात, म्हणजे आयक्लर'लाइक', आयक्लरसारखी.

नुसतं बघून ठरवू नका, गोल काचेचे दिवे आणि खोबणीची साइडिंग आज कुणीही लावतं. काउंटीच्या रेकॉर्डमध्ये तुमच्या प्लॉटचा ट्रॅक्ट नंबर (ज्या कॉलनीच्या आखणीत प्लॉट पडला तिचा नंबर) काढा आणि त्या ट्रॅक्टचा नकाशा कुणी दाखल केला होता ते बघा, शहराकडे मूळ बिल्डिंग परमिट असेल तर त्यावर बिल्डरचं नाव असतं. आयक्लर निघालं आणि साठच्या दशकातलं असलं तर आणखी एक करा, क्लॉड ओकलंडच्या ऑफिसचे कागद बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत एन्व्हायर्नमेंटल डिझाइन आर्काइव्हजमध्ये ठेवलेत आणि क्विन्सी जोन्सचे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीत. तिथे आधी ट्रॅक्टचं नाव आणि मॉडेल नंबर कळवून विचारायचं, प्रत्येक घराचा नकाशा मिळेलच असं नाही. मिळाला तर एक कॉपी फ्रेम करायला आणि एक प्लंबरसाठी, कारण ड्रेन कुठून जातो हे घर फोडायच्या आधी समजायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. आणि मॅकेचं निघालं तरी वर लिहिलेलं छपराचं, काचेचं, तुळयांचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू, फक्त पुढे विकताना जाहिरातीत आयक्लर लिहू नका.